साक्ष कोणाची, किती आणि कशापुरती

एकाच घटनेविषयी दोन कागद दोन निरनिराळ्या हकिकती सांगत असतील, तर त्यांपैकी कोणावर आणि कशाच्या आधारावर विसंबावे, हा प्रश्न न्यायालय, वृत्तपत्र आणि इतिहास या तिन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो. मात्र महाराष्ट्रात त्याची उत्तरे शोधण्याची शिस्त जितक्या चिकाटीने मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनात घडली, तितकी ती इतरत्र क्वचितच घडली असेल. या शिस्तीला साधनचिकित्सा असे म्हणतात. ज्याच्या आधारे भूतकाळाविषयी काही सांगता येते असा कोणताही पुरावा, मग ते पत्र असो, शिलालेख असो, चित्र असो वा पोवाडा असो, हे साधन होय. आणि तो पुरावा कोणी, केव्हा, कशासाठी निर्माण केला आणि त्यातले कोणते विधान कितपत ग्राह्य धरावे याची पद्धतशीर तपासणी म्हणजे त्याची चिकित्सा.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. वाईस सापडलेल्या दप्तरातील, १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात छापलेली होती, आणि प्रस्तावनेत राजवाड्यांनी तोपर्यंत इतिहासाचा मुख्य आधार मानल्या जाणाऱ्या बखरींची या पत्रांशी ताडून कठोर तपासणी केली होती. समकालीन अस्सल कागदाचा एखादा तुकडाही अनेक बखरींच्या एकमुखी कथनाला खोटे पाडू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. योगायोगाने त्याच वर्षी पॅरिसमध्ये लांग्ल्वा आणि सेन्योबो या दोन फ्रेंच अभ्यासकांनी ऐतिहासिक पुराव्याच्या तपासणीचे नियम मांडणारा, पुढे जगभर पाठ्यपुस्तक ठरलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने राजवाड्यांची ही परंपरा पुढे चालवली, आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्यातला आवेश कमी करून तिची मोजमापे अधिक काटेकोर केली. या सगळ्या खटाटोपातून हाती आलेले तत्त्व सामान्य वाचकालाही उपयोगी पडावे असे आहे: विश्वास हा संपूर्ण कागदावर एकगठ्ठा ठेवण्याची किंवा त्याच्यावरून एकगठ्ठा काढून घेण्याची गोष्ट नसून, कागदातल्या एकेका विधानाला त्याच्या आधाराच्या प्रमाणात द्यावयाची गोष्ट आहे.

कागदाची जात आणि त्याचा हेतू

मराठेशाहीतील कागदपत्रांचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या गरजेतून जन्मलेला आहे. पत्र हे काम करवून घेण्यासाठी किंवा बातमी कळवण्यासाठी लिहिले जाई. शकावली म्हणजे घटनांची वर्ष, महिना आणि तिथीवार केलेली त्रोटक नोंद. महजर म्हणजे वतनाच्या वा हक्काच्या तंट्यात गावकरी, वतनदार आणि अधिकारी यांच्या सभेने दिलेल्या निर्णयाचा साक्षीदारांसह केलेला लेख. करीना म्हणजे तंट्यातील एका पक्षाने आपल्या घराण्याची आणि हक्काची सांगितलेली पूर्वपीठिका. आणि बखर म्हणजे बहुधा एखाद्या राजपुरुषाच्या किंवा वरिष्ठाच्या सांगण्यावरून रचलेली गद्य कथनात्मक हकिकत. कागद कशासाठी लिहिला गेला हे एकदा कळले, की तो कोणत्या बाबतीत सरळ बोलेल आणि कोणत्या बाबतीत वळणे घेईल याचा अंदाज बांधता येतो. करीन्यात घराण्याचा पराक्रम वाढवून आणि प्रतिपक्षाचा हक्क घटवून सांगितलेला असण्याचा संभव मोठा असतो. पण त्याच करीन्यात सहज जाता जाता आलेला एखाद्या घाटवाटेचा, दुष्काळाचा किंवा बाजाराच्या दिवसाचा उल्लेख बहुधा खरा असतो, कारण तो खोटा सांगून करीना लिहिणाऱ्याच्या पदरात काहीच पडणार नसते.

बखरींविषयीचे मतही याच कसोटीने ठरवावे लागते. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवचरित्राची बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने लिहिली. लेखक शिवकाल प्रत्यक्ष पाहिलेला आणि राज्याच्या सेवेत राहिलेला असल्यामुळे किल्ले, कारखाने, अधिकारी आणि राज्यव्यवस्था यांविषयी त्याने दिलेल्या माहितीला आजही मोल आहे; पण घटनांचा क्रम त्याच्या स्मरणात अनेक ठिकाणी उलटसुलट झालेला आहे, आणि आकड्यांच्या बाबतीत तर कोणत्याही काळातल्या स्मरणशक्तीवर फारसे विसंबता येत नाही. याउलट मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे शिवकालानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रचलेली आहे. तिच्या लेखकाजवळ जुनी कागदपत्रे असली तरी शिवकालाचा तो साक्षीदार नव्हे. दोन्ही ग्रंथांना बखर म्हणतात म्हणून दोन्ही सारखेच विश्वसनीय किंवा सारखेच अविश्वसनीय ठरत नाहीत.

कागद अस्सल आहे काय

साधनचिकित्सेचे दोन टप्पे मानले जातात. कागद ज्याचा आणि ज्या काळाचा म्हणून पुढे आला आहे तो खरोखर त्याचाच आणि त्याच काळाचा आहे काय, याची तपासणी म्हणजे बाह्य चिकित्सा. आणि कागद अस्सल ठरल्यानंतर त्यातला मजकूर खरा आहे काय, याची तपासणी म्हणजे अंतर्गत चिकित्सा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण अस्सल कागदात खोटी माहिती असू शकते आणि उत्तरकालीन नकलेत खरी.

बनावट कागदाचा प्रश्न संशोधकांच्या किती तरी आधी मराठी समाजालाच भेडसावत होता. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क आणि उत्पन्न असल्यामुळे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांच्या तंट्यांत खोटे महजर आणि खोट्या सनदा पुढे करण्याचे प्रकार घडत, आणि निवाडा करणाऱ्या सभेला कागद पारखावे लागत. म्हणून महजरावर हजर असलेल्यांची नावे लिहिली जात, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत. पाटलाचा नांगर किंवा न्हाव्याचा आरसा कागदावर उमटला, की तो मनुष्य त्या सभेत हजर होता याची ती खूण असे. राजपत्रांची रचनाही अशीच ठरीव होती: पत्राच्या आरंभी शिक्का, मजकूर संपला तेथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची लहान मुद्रा, जेणेकरून त्याखाली कोणाला काही वाढवून लिहिता येऊ नये. कागद, शाई, मोडी अक्षराचे वळण, मायन्याची रीत, शिक्क्याची जागा आणि आकार या प्रत्येक गोष्टीला काळानुसार ठरलेले रूप होते, आणि बनावट करणारा यांतल्या कोठल्या तरी एका गोष्टीत बहुधा चुकतो.

ही चूक पुष्कळदा काळाची असते. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकापासून राज्याभिषेक शक सुरू केला. त्यामुळे एखाद्या पत्रावर त्याआधीच्या वर्षांची कालगणना असून त्यात राज्याभिषेकानंतरची बिरुदे आढळली, तर ते पत्र निदान मूळ स्वरूपात नाही असे मानणे भाग पडते. शिवकालीन पत्रांत बहुधा शुहूर सन वापरलेला असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. ‘सबैन व अलफ’ म्हणजे सत्तर आणि हजार, अर्थात शुहूर १०७०. सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा हे वर्ष बदलते, म्हणून शुहूर सनात वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. पत्रातील तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने पडताळता येतो. नंतरच्या काळात बसून जुना कागद रचणाऱ्याला पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या अमुक तिथीला कोणता वार होता हे सहसा ठाऊक नसते. म्हणून तिथी आणि वार जुळणे हा कागदाच्या बाजूने एक चांगला पुरावा ठरतो. मात्र ते न जुळणे हा बनावटीचा निर्णायक पुरावा नव्हे, कारण नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादा आकडा चुकणे ही नित्याची गोष्ट आहे. नक्कल आणि बनावट यांतला हा भेद विसरला, तर मूळ प्रत हरवलेल्या असंख्य खऱ्या पत्रांवर पाणी सोडावे लागेल.

माध्यमाचा टिकाऊपणा मात्र सत्याची हमी देत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो अस्सल आहे, त्याची तारीख निश्चित आहे आणि तो कोणी खोडू शकलेला नाही. तरीही सतराव्या शतकातील घटनांच्या बाबतीत तो दीडशे वर्षांनंतरचा आणि राजघराण्याने स्वतःविषयी सांगितलेला वृत्तान्तच आहे. १८०३ मध्ये तंजावरच्या राजघराण्याला आपल्या पूर्वजांविषयी काय वाटत होते याचा तो पहिल्या प्रतीचा पुरावा, आणि त्या पूर्वजांविषयी दुय्यम पुरावा. एकच साधन एका प्रश्नासाठी प्राथमिक आणि दुसऱ्या प्रश्नासाठी दुय्यम असू शकते, हे यातून स्पष्ट व्हावे.

समकालीन म्हणजे सत्य नव्हे

राजवाड्यांच्या भूमिकेचा अर्थ काहींनी असा घेतला की कागद समकालीन असला म्हणजे काम भागले. इंग्रजांच्या वखारींचा पत्रव्यवहार हा समज दूर करण्यास पुरेसा आहे. सुरत, मुंबई, राजापूर, कारवार येथील इंग्रज व्यापारी घटना घडत असतानाच, किंवा घडल्यावर थोड्या दिवसांत, तारीख घालून पत्रे लिहीत. त्यामुळे कालक्रमासाठी ही पत्रे अमोल आहेत. परंतु त्यांतली पुष्कळशी बातमी हेर, दुभाषे, दलाल आणि प्रवासी यांच्या तोंडून आलेली असे, आणि ऐकीव बातमी कागदावर ताबडतोब उतरली म्हणून ती प्रत्यक्षदर्शी होत नाही.

शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिलला सुरतेस लिहिलेल्या पत्रात, निधनाची खात्रीलायक बातमी असून त्याला तेवीस दिवस झाले, असे कळवले. या हिशेबाने तारीख ५ एप्रिल येते. मुंबई ते रायगड हे अंतर फार नसताना बातमी पक्की व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला आणि तरीही दोन दिवसांचा फरक राहिला, यावरून त्या काळच्या चांगल्या बातमीचीही मर्यादा कळते. याहून बोधप्रद गोष्ट पुढची आहे. महाराजांच्या मृत्यूच्या खोट्या आवया पूर्वी अनेकदा उठून गेल्या होत्या, आणि त्या इंग्रजांच्या पत्रांतूनही फिरल्या होत्या. त्यामुळे बंगालमधील इंग्रजांना ही खरी बातमी पोचली, तेव्हा त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी लिहिले की हा मनुष्य इतक्या वेळा मेला आहे की तो अमर असावा असे लोकांना वाटू लागले आहे, आणि त्याच्या कारभाराला उतरती कळा लागल्याचे अनुभवास येईपर्यंत अशा वार्तांवर विश्वास ठेवता येणार नाही. खोट्या बातम्यांचे मोठे नुकसान लोक खोट्यावर विश्वास ठेवतात एवढेच नसते. पुढे खरी बातमी आली तरी ती अंगाला लागू न देण्याची सवय जडते, हेही असते. बंगालच्या इंग्रजांचा संशय अविचारी नव्हता, तरीही त्या संशयाने त्यांना आठ महिने वस्तुस्थितीपासून दूर ठेवले. सरसकट अविश्वास हा सरसकट विश्वासाचा उपाय होऊ शकत नाही, याचे इतके चोख उदाहरण क्वचितच मिळेल.

लिहिणाऱ्याचे हितसंबंधही असेच विधानागणिक तपासावे लागतात. राजापूरची इंग्रज वखार १६६१ मध्ये लुटली गेल्यानंतर नुकसानभरपाईसाठी इंग्रजांच्या वाटाघाटी कित्येक वर्षे चालू होत्या. म्हणून नुकसानीचा जो आकडा त्यांनी मांडला तो मागणीचा आकडा समजावा लागतो. पण त्याच वाटाघाटींच्या पत्रांत वकील अमुक दिवशी गडावर पोचला, अमुक दिवशी भेट झाली, असे जे लिहिलेले असते ते बदलण्यात त्यांचा कोणताही लाभ नव्हता. मुघल दरबारातील अखबारात, म्हणजे रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे, आणि गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातील पत्रव्यवहार यांनाही हाच न्याय लागतो. शत्रूच्या लेखणीतून आलेली निंदा फारशी उपयोगी नसते. त्याच लेखणीतून आलेली कबुली मात्र मोठ्या किमतीची असते, कारण स्वतःच्या पक्षाला अडचणीचे ठरणारे विधान मनुष्य सहसा विनाकारण करीत नाही.

साक्षीदार किती, आणि स्वतंत्र किती

एखादी गोष्ट पाच ग्रंथांत सांगितलेली असली, तर पाच साक्षीदार मिळाले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांतल्या चौघांनी पाचव्यावरून उतरून घेतले असेल, तर साक्षीदार एकच राहतो. म्हणून साधनांची संख्या मोजण्यापूर्वी त्यांची वंशावळ लावावी लागते. कोणी कोणावरून घेतले, समान चुका कोठे आढळतात, शब्दरचना कोठे जुळते, हे पाहावे लागते. समान सत्य दोघांना स्वतंत्रपणे सापडू शकते, पण दोघांनी हुबेहूब एकच चूक स्वतंत्रपणे करण्याचा संभव फार थोडा असतो.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद या कसोटीवर सुटत गेला. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ च्या वैशाखातील, म्हणजे १६२७ च्या एप्रिलमधील जन्म दीर्घकाळ मान्य होता, आणि चरित्रे, पाठ्यपुस्तके व उत्सव याच वर्षावर चालत. भोर भागातील कारी या गावच्या जेधे देशमुख घराण्याच्या संग्रहातील एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. १६१८ ते १६९७ या काळातील घटना त्रोटकपणे नोंदवणाऱ्या या शकावलीत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असा दिलेला आहे; इंग्रजी कालगणनेने ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशी खरोखरच शुक्रवार होता.

एका शकावलीच्या आधारे रूढ मत बदलावे काय, हा आक्षेप रास्त होता. परंतु त्यानंतर आणखी दोन साधने पुढे आली. सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात हीच तिथी निघाली. आणि जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील कुंडल्यांतही तिला दुजोरा मिळाला. मावळातला एक देशमुख, महाराजांच्या आश्रयाचा एक कवी आणि दूर राजस्थानातला एक ज्योतिषी यांचे परस्परांशी संगनमत असण्याचे कारण दिसत नाही, त्यांच्या लेखनाचे हेतू वेगळे आहेत आणि साधनांचे प्रकारही वेगळे आहेत. शिवाय शकावलीतल्या इतर नोंदी अन्य पुराव्यांशी ताडता येतात. अफझलखानाच्या वधाची तिने दिलेली मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१ ही तिथी १० नोव्हेंबर १६५९ या दिवसाशी जुळते. ज्या साक्षीदाराची पडताळता येणारी विधाने खरी निघतात, त्याच्या पडताळता न येणाऱ्या विधानांचेही वजन वाढते. बखरींची संख्या अधिक असूनही त्यांच्याकडे शिवजन्माच्या काळापर्यंत पोचणारी स्वतंत्र वाट नव्हती, आणि म्हणून निकाल संख्येवर लागला नाही. तरीही राज्य शासनाने १९ फेब्रुवारी हीच अधिकृत तारीख मानली ती शकावली प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे आठ दशकांनी. पुरावा पुढे येणे आणि समाजाने तो स्वीकारणे यांत एवढे अंतर पडू शकते.

विसंगती खरी आणि भासमान

दोन साधने परस्परविरोधी दिसली की त्यांपैकी एक खोटे आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. राज्याभिषेकाची नोंद याबाबतीत सावध करणारी आहे. जेधे शकावलीनुसार शिवाजी महाराज सिंहासनावर बसले ते शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, शुक्रवारी. प्रचलित इंग्रजी तारीख मात्र ६ जून १६७४ ही आहे आणि त्या दिवशी शनिवार होता. वरवर पाहता येथे एका दिवसाची चूक दिसते. पण शकावली पुढे सांगते की तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. म्हणजे हा प्रसंग सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तासावर घडला. भारतीय पद्धतीने वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो अजून शुक्रवारच होता. युरोपीय पद्धतीने तारीख मध्यरात्री बदलते, म्हणून शनिवार, ६ जून लागून गेला होता. दोन्ही नोंदी बरोबर आहेत आणि त्या एकमेकींना बळकटी देतात.

कालगणनेतील असे भेद इतरत्रही आढळतात. सतराव्या शतकातले इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरीत, तर पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन दिनदर्शिका सोळाव्या शतकातच स्वीकारली होती. त्यामुळे एकाच दिवसाची मुंबईची तारीख आणि गोव्याची तारीख यांत दहा दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, म्हणून १६७० च्या फेब्रुवारीतील घटना त्यांच्या पत्रात १६६९ ची म्हणून नोंदलेली असू शकते. मोजण्याची पद्धत समजून न घेता आकड्यांची तुलना केली, तर खरी साधनेही एकमेकांना खोटे पाडताना दिसतात. आजच्या बातम्यांतील टक्केवाऱ्या, किमती आणि मृत्यूंचे आकडे यांविषयीही हीच सावधगिरी लागते, कारण काय मोजले आणि कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत मोजले हे कळल्याशिवाय दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

एक कथा, अनेक विधाने

तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना प्राणार्पण केले, ही कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे, आणि विधानागणिक विश्वास ठेवणे म्हणजे काय हे तिच्यावरून नेमके दाखवता येते. या कथेत निदान तीन वेगळी विधाने आहेत. गड त्या रात्री घेतला गेला आणि तानाजी पडला, या पहिल्या विधानाला सभासदासह निरनिराळ्या साधनांचा आधार आहे. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढला, हे दुसरे विधान पोवाड्यांच्या आणि लोककथेच्या परंपरेतले आहे. सभासदाच्या वर्णनात मावळे वानरांसारखे कडा चढून गेले एवढेच येते, घोरपड येत नाही. तानाजीच्या मरणामुळे गडाला सिंहगड हे नाव मिळाले, हे तिसरे विधान तर समकालीन कागदानेच बाद होते, कारण महाराजांच्या १६६३ च्या एप्रिलमधील पत्रात, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या जवळजवळ सात वर्षे आधी, सिंहगड हे नाव आलेले आहे.

येथे दोन चुका होण्याचा संभव असतो. तिसरे विधान चुकीचे ठरले म्हणून सगळी कथाच बनावट आहे असे म्हणणे ही पहिली चूक. आणि पहिले विधान खरे आहे म्हणून त्याला चिकटलेले सर्व तपशील पवित्र मानून त्यांची तपासणी नाकारणे ही दुसरी. १६६३ चे पत्र नावाच्या कालाविषयी साक्ष देते. तानाजीच्या पराक्रमाविषयी ते काहीच बोलत नाही, आणि जे साधन ज्या प्रश्नावर बोलत नाही त्याला त्या प्रश्नावर साक्षीला उभे करता येत नाही. पोवाड्याची घोरपड भूगोल वा युद्धशास्त्र म्हणून ग्राह्य नसली, तरी पुढच्या पिढ्यांना तो कडा किती दुर्गम वाटला आणि तो चढणाऱ्यांविषयी त्यांना किती आदर होता, याचा पुरावा म्हणून तिला स्थान उरतेच.

चित्रांच्या बाबतीतही हेच घडते, आणि तेथे फसगत अधिक सहज होते, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घेण्याचे मनात येत नाही. शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र दीर्घकाळ छापले जात होते. ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे असल्याचे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले, आणि जुन्या डच साधनातून मिळालेले महाराजांचे चित्र १९३० च्या दशकात लोकांपुढे आणले. मूळ चित्रात खोटे काहीच नव्हते. खोटी होती ती त्याखालची ओळख. आज समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या फसव्या छायाचित्रांपैकी पुष्कळशी याच जातीची असतात: एका देशातील पुराचे छायाचित्र दुसऱ्या देशातील म्हणून, किंवा दहा वर्षांपूर्वीची मिरवणूक कालची म्हणून पुढे पाठवली जाते. चित्र अस्सल आहे काय आणि त्याखालचे विधान खरे आहे काय, हे दोन प्रश्न वेगळे काढले की त्यांतल्या बहुतेकांचा उलगडा होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांमुळे आणि आवाजांमुळे बाह्य चिकित्सेचे काम आता पुष्कळ अवघड झाले आहे. म्हणूनच हे प्रथम कोठे प्रकट झाले, कोणी प्रकट केले आणि त्या प्रसंगाचा दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय, या प्रश्नांचे महत्त्व वाढले आहे.

निर्णयाच्या पायऱ्या

या सगळ्या उदाहरणांवरून साधनचिकित्सेचे काम खरे आणि खोटे अशा दोन ढिगांत कागद टाकण्याचे नाही, हे लक्षात यावे. निश्चित, बहुतेक निश्चित, संभाव्य, शंकास्पद आणि असंभाव्य अशा पायऱ्यांवर एकेक विधान ठेवणे, आणि नवा पुरावा मिळाला तर त्याला वर किंवा खाली सरकवण्याची तयारी असणे, हे तिचे खरे रूप आहे. पुराव्याअभावी निर्णय स्थगित ठेवणे हाही एक निर्णयच असतो, आणि चांगला संशोधक त्याची लाज बाळगत नाही.

सामान्य वाचकाला पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी रुमाल सोडून बसता येणार नाही, हे उघड आहे. बहुतेक बाबतींत त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी तपासणीवर विसंबावे लागते. पण कोणाच्या तपासणीवर विसंबावे हे ठरवण्यासाठीही हीच शिस्त पुरते. जो लेखक आपला आधार सांगतो, जो आपल्या पक्षाला गैरसोयीचा पुरावा लपवत नाही, जो खात्रीचे आणि तर्काचे वेगळे मांडतो, आणि चूक दाखवली गेल्यावर ती दुरुस्त करतो, त्याचे विधान वाचकाला स्वतः पडताळता आले नाही तरी इतर कोणाला तरी पडताळता येते, आणि विश्वासाला तेवढा पाया पुरेसा असतो. ज्याचा मजकूर आधार न सांगता केवळ त्वरेने पुढे पाठवण्याचा आग्रह धरतो, तो खरा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु तो खरा ठरला, तरी त्याचे श्रेय त्याला न देता, ज्या दुसऱ्या साधनाने तो पडताळून दिला त्या साधनालाच द्यावे लागेल.